ज्युडी डेंच एवढी वर्षं होती कुठे?

गेल्या अंकात एका वाचकाने जेम्स बाँडच्या बॉसबद्दल विचारलं होतं, त्याला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की त्या बॉसचं काम करणाऱ्या इंग्लिश नटी ज्युडी डेंचसाठी बाँड म्हणजे पेन्शनीतली नोकरी, खरी नोकरी तिने स्टेजवर केली. झालं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की म्हटलं हा अख्खा महिना तिच्याच नावावर करून टाकू. दुसऱ्या विषयांवर ज्यांनी विचारलंय त्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, मी १९९५ साली ‘गोल्डनआय’ थेटरात पाहिला तेव्हा पहिल्यांदा ही बाई दिसली. तेव्हाच साठीची वाटत होती. मग त्याआधी एवढी वर्षं होती कुठे? एवढ्या उशिरा करिअर सुरू केलं का? (सांगली)

वाटत होती काय, होतीच साठ वर्षांची. जन्म ९ डिसेंबर १९३४, इंग्लंडातल्या यॉर्क शहरातला. आणि उशिरा कसलं सुरू केलं हो, १९५७ पासून बाई रोज संध्याकाळी लंडनात नाहीतर शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, रंग लावून उभी होती, आपण सांगलीत नाहीतर पुण्यात बसलेलो म्हणून आपल्याला दिसली नाही एवढंच. नाटकाचं हेच तर दुखणं आहे, जो खुर्चीत बसला होता त्यालाच ते मिळतं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं हेच झालंय, सिरियलमध्ये सासूचा रोल केल्यावर लोक विचारतात, आधी काय करत होता?

तिचे वडील डॉक्टर, आणि यॉर्कच्या थिएटर रॉयलमधल्या नटमंडळींचे पण तेच डॉक्टर, त्यामुळे घरात नाटकवाल्यांची ये-जा. भाऊ जेफरी पण नट झाला. हिला मात्र नेपथ्यकार व्हायचं होतं, त्यासाठी आर्ट स्कूललाही गेली. मग १९५३ साली स्ट्रॅटफर्डला ‘किंग लिअर’ बघायला गेली, मायकेल रेडग्रेव्हचा, आणि तिथला सेट बघून गप्प झाली. एकच सेट, तोच फिरतो, तोच राजवाडा, तोच माळ, पडदा पाडायची भानगडच नाही. ती म्हणते की मला हे असलं कधीच सुचलं नसतं, तेव्हाच कळलं की आपण यातले नाही. मग भावाच्या मागोमाग लंडनच्या सेंट्रल स्कूलला अॅक्टिंग शिकायला. ते स्कूल तेव्हा चक्क रॉयल अल्बर्ट हॉलच्या इमारतीत भरायचं आणि वर्गात व्हेनेसा रेडग्रेव्ह, म्हणजे ज्याचा लिअर बघून हिने ब्रश ठेवला त्याचीच मुलगी.

शाळा संपली आणि लगेच लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरमध्ये ‘हॅम्लेट’ची ओफिलिया. एकदम हिरॉइन! आणि समीक्षकांनी धू धू धुतली. कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली तेव्हा ओफिलिया काढून घेऊन दुसरीला दिली. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला हे किती लागलं असेल बघा. पण ती कंपनी सोडून गेली नाही, मिळतील ते रोल करत राहिली, आणि १९६० ला झेफिरेल्ली या इटालियन दिग्दर्शकाने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवलं त्यात ज्युलिएट झाली. त्यातला किस्सा ती नेहमी सांगते. एका प्रयोगाला आईवडील आलेले. ज्युलिएट स्टेजवर व्याकूळ होऊन विचारते, नर्स, माझे आईवडील कुठे आहेत? आणि प्रेक्षकांतून बाबांचा आवाज, अगं आम्ही इथे आहोत, एच रांगेत!

प्रश्न : पण मग सिनेमावाल्यांनी चाळीस वर्षं घेतलं कसं नाही? (पनवेल)

चेहरा. सुरुवातीला एका सिनेमावाल्याने तिला तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या चेहऱ्यात जे चुकायचं ते सगळंच चुकलंय. हे ती स्वतःच हसत हसत सांगते, पण मला वाटतं कुठेतरी ते बसलं असणार, कारण त्यानंतर तिने सिनेमाच्या मागे लागायचंच सोडून दिलं. अगदीच केले नाहीत असं नाही हां, १९६५ च्या ‘फोर इन द मॉर्निंग’साठी तर नवोदित म्हणून बाफ्टा, म्हणजे तिथला सिनेमाचा मोठा पुरस्कार, मिळालेलं, १९८५ च्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मध्ये आहे. पण हे सगळं नाटकाच्या तारखा सांभाळून.

आणि दुसरं म्हणजे तिला गरजच नव्हती. तिथली पद्धत जरा समजून घ्या. १९६१ मध्ये ती रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेली. ही कंपनी, नंतर नॅशनल थिएटर, या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था, तिथे तेव्हा नटांचा एक संच असायचा आणि नाटकं आलटून पालटून व्हायची. म्हणजे आज शेक्सपिअर, उद्या चेकॉव्ह, परवा परत शेक्सपिअर, तेच नट, रोल वेगळे. आज राणी असलेली बाई उद्या दोन वाक्यांची मोलकरीण असू शकायची. आपल्याकडे एक नाटक लागलं की तेच घेऊन गाडीत बसायचं, आज चिंचवड, उद्या कोल्हापूर, पाचशे प्रयोग, तो आणखी वेगळा दम आहे, पण एकाच वर्षात चार वेगवेगळ्या बायका होऊन बघायची सोय त्यात नाही. हिला ती सोय मिळाली, आणि वर्षानुवर्षं मिळाली. ती आणि तिचा नवरा मिळून शेक्सपिअरला काय म्हणायचे माहितीये? आमचं घरभाडं भरणारा माणूस. २०२३ साली तिच्या शेक्सपिअरवरच्या गप्पांचं पुस्तक आलं त्याचं नाव पण हेच आहे.

प्रश्न : कॉलेजात असताना आम्ही शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधला प्रवेश बसवला होता, म्हणून मॅकबेथबद्दल आपुलकी आहे. ज्युडी डेंचची लेडी मॅकबेथ बघण्यासारखी आहे का? (नाशिक)

अहो बघण्यासारखी काय, मी तर म्हणते बाकी काही बघू नका पण हे बघा. १९७६, स्ट्रॅटफर्ड, दिग्दर्शक ट्रेव्हर नन, मॅकबेथ म्हणजे इयन मॅकेलन. आणि जागा कुठली, तर मोठं थिएटर सोडून ‘दी अदर प्लेस’ नावाची पत्र्याची शेड. छोटीशी जागा, प्रेक्षक अगदी अंगावर. जमिनीवर एक वर्तुळ आखलेलं, नट त्याच्या कडेला खोक्यांवर बसलेले, आपला प्रवेश आला की उठून आत जायचं आणि संपला की परत खोक्यावर. सेट नाही, किल्ला नाही, काही नाही. सुदैवाने नंतर टीव्हीसाठी याचं चित्रीकरण झालं म्हणून आपल्याला बघता तरी येतं.

यातली एक जागा सांगते. नवऱ्याचं पत्र वाचून झाल्यावर, त्याला गादी मिळावी म्हणून राजाचा खून करायचं मनात घेऊन, लेडी मॅकबेथ दुष्ट शक्तींना बोलावते, या, माझ्यातलं बाईपण काढून घ्या वगैरे. बहुतेक नट्या इथे आवाज चढवतात, डोळे वटारतात, चेटकीण होतात, आम्हीही गॅदरिंगला तेच केलेलं, वर केस मोकळे सोडलेले. डेंचने काय केलंय, काळे कपडे, डोक्याला घट्ट काळं फडकं, केसाची बट दिसत नाही, हळू आवाजात बोलवायला लागते आणि मध्येच दचकून मागे सरते. म्हणजे खरंच कुणीतरी आलं की काय! घाबरते. तोंडातून बारीक आवाज निघतो. आणि मग स्वतःला गोळा करून परत पुढे येऊन बोलावते. तेवढ्या दोन सेकंदांत सगळं कळतं, ही बाई राक्षसीण नाहीये, ही नवऱ्यासाठी जमेल त्याच्यापेक्षा जास्त करायला निघालेली साधी बाई आहे आणि हिला हे झेपणार नाही. मग शेवटी ती झोपेत चालते, हात चोळते, तेव्हा तो जो लांबलचक आवाज काढते, रडणं म्हणावं की ओरडणं, मी हेडफोन काढून ठेवला होता रात्री, खोटं नाही सांगत. मॅकेलन सांगतो की तेव्हा एक पाद्री प्रयोगाला यायचा आणि नटांचं भलं व्हावं म्हणून क्रूस हातात धरून बसायचा.

प्रश्न : तुम्ही तिला सारखं ‘ती’ काय म्हणता? वयाचा, पदवीचा काही मान? ‘डेम’ आहेत त्या. (ठाणे)

बरोबर आहे काकू, पण आपण लताला पण ‘ती’च म्हणतो ना, प्रेम जास्त झालं की मान जरा ढिला होतो. ‘डेम’ म्हणजे पुरुषाला ‘सर’ तसं बाईला, १९८८ ला मिळालं. तिचं म्हणाल तर १९८७ ला नॅशनल थिएटरमध्ये क्लिओपात्राचा रोल आला तेव्हा तिने स्वतःचं वर्णन पाळी जायला आलेली बुटकी असं केलेलं, म्हणे अशी क्लिओपात्रा तुम्हाला चालणारे का? दिग्दर्शक पीटर हॉलला चालली, समोर अँथनी हॉपकिन्स. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती, आणि ते काम आजही क्लिओपात्रा म्हटलं की लोक आधी काढतात. आपल्याकडे बावन्नाव्या वर्षी कुणी क्लिओपात्रा देईल का हो? हिरोच्या आजीचा रोल देतील, आणि हिरो पंचावन्नचा असेल.

प्रश्न : ती गायची पण म्हणे? आवाज तर घोगरा आहे! (डोंबिवली)

घोगराच आहे आणि त्याच घोगऱ्या आवाजात १९६८ साली लंडनमध्ये ‘कॅबरे’ या संगीत नाटकाची नायिका सॅली बोल्स केली. ऑडिशनला एवढी लाजली की विंगेत उभी राहून गायली. त्या काळात थिएटरबाहेर म्हणे बोर्ड लावलेला, की ज्युडी डेंच आजारी नाहीत, त्यांचा आवाजच तसा आहे. १९९५ ला परत नॅशनलमध्ये ‘अ लिटल नाइट म्युझिक’, त्यातलं ‘सेंड इन द क्लाउन्स’ ऐका, सूर म्हणाल तर जेमतेम, पण गाणं असं वाटतं की बोलता बोलता गळा दाटून आलाय. त्याचं आणि त्याच वर्षीच्या ‘अॅब्सोल्यूट हेल’चं असे दोन ऑलिव्हिए पुरस्कार तिला एकाच वर्षी मिळाले. तिथे नाटकाला ऑलिव्हिए म्हणजे सिनेमाला ऑस्कर तसं.

आणि ‘कॅट्स’, ते मांजरांचं संगीत नाटक! १९८१ मध्ये त्यातलं ते प्रसिद्ध ‘मेमरी’ गाणं हिच्या वाट्याचं होतं. तालमीत टाचेची शीर तुटली. प्लास्टर घालून परत आली तर रॅम्पवरून खाली पडली, मग नाद सोडला आणि ते गाणं इलेन पेजचं झालं. २०१९ मध्ये त्यावर सिनेमा आला त्यात डेंच परत मांजर आहे, पण तो सिनेमा बघायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी अर्ध्यात चहा करायला उठले.

प्रश्न : आठ मिनिटांच्या कामाला ऑस्कर, हा वशिला नाही का? (नागपूर)

असं पुष्कळ लोक म्हणतात. ‘शेक्सपिअर इन लव्ह’, १९९८, राणी एलिझाबेथ, पडद्यावर मोजून आठ मिनिटं, थोडी कमीच. तिने तर भाषणातच सांगितलं की आठ मिनिटांसाठी मला या पुतळ्याचा एक तुकडाच मिळायला हवा. पण त्याच्या आदल्या वर्षीचं बघा. ‘मिसेस ब्राउन’, विधवा राणी व्हिक्टोरिया आणि तिचा स्कॉटिश नोकर. हा सिनेमा खरं तर बीबीसीने टीव्हीसाठी केला होता, मग अमेरिकन वितरकाने बघितला आणि थेटरात लावला. म्हणजे सिनेमातली पहिली मोठी नायिका झाली बासष्टाव्या वर्षी आणि ती पण अपघाताने. त्यात नोकर पहिल्यांदा समोर येतो आणि दरबारी भाषा सोडून सरळ म्हणतो की तुम्हाला त्यांची फार आठवण येत असेल. तिचा चेहरा बघा तिथे. राणी म्हणून तो आवरायचा प्रयत्न चाललाय, आणि आवरत नाहीये. तेव्हा ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. पुढच्या वर्षी आठ मिनिटांना दिला तेव्हा त्यात आधीची उधारी पण होतीच, मला विचाराल तर. एकूण नामांकनं आठ, शेवटचं ‘बेलफास्ट’साठी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

बाँडचं पण सांगून टाकते, ‘गोल्डनआय’ ते ‘स्कायफॉल’ असे सात सिनेमे ‘एम’, म्हणजे बाँडची बॉस, म्हणून. आधीचे सगळे ‘एम’ पुरुष होते. पहिल्याच सिनेमात ती बाँडला तोंडावर बायकांचा द्वेष करणारा डायनासोर म्हणते आणि ते इतक्या थंडपणे की आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमची आठवण येते, नाव विचारू नका.

प्रश्न : तिचा भारताशी काही संबंध? (पुणे)

जन्माचा वगैरे नाही, कामाचा आहे. ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’ राजस्थानात, जयपूर-उदयपूरकडे शूट झाला. त्यात नवरा गेल्यावर कर्जात बुडालेली बाई जयपूरला येऊन कॉल सेंटरमधल्या पोरांना शिकवते की समोरच्या म्हाताऱ्या माणसाशी फोनवर कसं बोलावं. २०१५ ला दुसरा भागही आला, तो मला खास वाटला नाही.

आणि २०१७ चा ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’. वीस वर्षांनी परत तीच राणी, आता शेवटच्या दिवसांतली, आणि आग्र्याहून आलेला मुन्शी अब्दुल करीम, जो तिला उर्दू शिकवतो. हे खरं घडलेलं आहे, राणीने खरंच वर्षानुवर्षं उर्दू गिरवली. अब्दुल झालाय अली फजल. सिनेमा जरा गोडगोड आहे, इंग्रजांच्या राज्याबद्दल जे बोलायला हवं ते बाजूला ठेवतो आणि ते मला खटकलं. पण सुरुवातीची मेजवानी बघा! राणीचं खाऊन झालं की सगळ्यांच्या ताटल्या उचलायच्या असा रिवाज, आणि राणी मान खाली घालून गपागप खातेय, शेजारच्यांचा पहिला घास जातोय तोवर ताटली गायब, आणि मग बाई खुर्चीतच पेंगते. एक शब्द नाही. कंटाळा म्हणजे काय ते नुसत्या खाण्यातून दाखवलंय.

प्रश्न : मॅगी स्मिथ आणि ज्युडी डेंच यांच्यात माझा नेहमी गोंधळ होतो. (बेळगाव)

तुमचा एकट्याचा नाही. दोघी डिसेंबर १९३४ च्या, एकोणीस दिवसांचं अंतर, दोघी डेम, तरुणपणी ओल्ड व्हिकमध्ये पण एकत्र. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’, ‘लेडीज इन लॅव्हेंडर’, दोन्ही मॅरिगोल्ड हॉटेल, सगळीकडे जोडीने. ढोबळ खूण सांगू? नाक मुरडून टोमणा मारत असेल तर मॅगी, हसता हसता डोळे भरले तर ज्युडी. मॅगी स्मिथ सप्टेंबर २०२४ मध्ये गेली. दोघींना घरच्या गप्पा मारताना बघायचं असेल तर २०१८ ची ‘नथिंग लाइक अ डेम’ ही डॉक्युमेंटरी शोधा, बागेत चार म्हाताऱ्या नट्या बसून एकमेकींची खेचतायत, बाकी काही नाही आणि तेवढंच पुरतं.

प्रश्न : तिला दिसत नाही असं वाचलं. मग पाठांतर कसं करते? माझ्या आईला पण तोच आजार आहे म्हणून विचारते. (कराड)

हो, मॅक्युलर डीजनरेशन, २०१२ मध्ये तिने स्वतःच सांगितलं. यात नजरेचा मधला भाग जातो, कडेकडेचं दिसतं, त्यामुळे वाचणं आणि चेहरे ओळखणं अवघड होतं. आईंना डॉक्टरांकडे नेत असालच, त्यातलं मी सांगणार नाही. पाठांतर ती ऐकून करते. कुणीतरी बाजूला बसून वाक्य वाचायचं, तिने म्हणायचं, परत वाचायचं, परत म्हणायचं. तसंच करून २०१५ ला गॅरिक थिएटरमध्ये ‘द विंटर्स टेल’मधली पॉलिना उभी केली, शेक्सपिअरची भाषा, वय ऐंशीच्या पुढे, आणि त्याला परत ऑलिव्हिए.

आणि काम थांबवणं तिच्या स्वभावात नाही. नवरा मायकेल विल्यम्स, तो पण नट, १९७१ ला लग्न. दर शुक्रवारी तिला एक लाल गुलाब द्यायचा. ‘अ फाइन रोमान्स’ ही टीव्ही मालिका दोघांनी मिळून केली. जानेवारी २००१ मध्ये तो कॅन्सरने गेला आणि त्या वर्षी तिने एकामागून एक सिनेमे केले. ‘आयरिस’ त्यातलाच, लेखिका आयरिस मर्डॉक आणि तिचं हळूहळू पुसलं जाणं. घरचं दुःख ताजं असताना असलं काम कसं करवतं कुणास ठाऊक, पण बहुतेक त्यामुळेच तगली. स्क्रिप्ट न वाचताच हो म्हणायची तिची जुनी सवय आहे, दिग्दर्शक आवडला की झालं. आणि जवळचं कुणी गेलं की घरामागच्या जागेत त्याच्या नावाने झाड लावते, आता तिथे छोटं रानच झालंय.

प्रश्न : शूटिंगला तासनतास बसून राहावं लागतं, तेव्हा ती काय करत असेल? (वय वर्षं तेरा, रत्नागिरी)

भरतकाम! सेटवर कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर कापड घेऊन टाके घालत बसायची. सगळ्यांना वाटायचं किती गुणाची आजी. जवळ जाऊन बघितलं तर उशीवर छान फुलापानांच्या नक्षीत एक सणसणीत शिवी. पूर्ण झाली की रिबीन बांधून सहकलाकारांना भेट.

कुठली शिवी ते आईला विचारू नकोस.